आल्याच्या पानाचं बळ मुळातून: सीमाभागातल्या जमिनीत सिलिकॉन कोणतं, किती आणि केव्हा द्यावं

मृगाचा पाऊस लागला की आल्याचा वाफा डोळ्यांदेखत हिरवा होतो. पुनर्वसू-पुष्याची झड सुरू झाली की त्याच वाफ्यात पानांवर पाणी मुरल्यासारखे बारीक ठिपके दिसू लागतात. आश्लेषा-मघापर्यंत ठिपके एकमेकांत मिसळतात, पान कागदासारखं वाळतं, शेंड्याकडून फाटतं. कंद भरायचा खरा काळ चौथ्या-पाचव्या महिन्यापासून सुरू होतो. नेमकं तेव्हाच पान गेलेलं असेल, तर गड्डा बारीकच राहतो. खत कितीही टाका, ते पोचवायला हिरवं पान लागतं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी, लोंढा, तिकडे हल्याळ या पट्ट्यात अडचण अशी की ज्या दिवसांत फवारणी हवी त्या दिवसांत पाऊस उघडीप देत नाही. बुरशीनाशक पानावर सुकायच्या आत धुऊन जातं. म्हणून पान आधीपासूनच टणक कसं राहील याचा विचार करावा लागतो, आणि तिथे सिलिकॉन उपयोगी पडतं. सध्या दुकानांत त्याच्या बाटल्या भरपूर दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: सिलिकॉन देण्यासारखं आहे, पण ते जमिनीतून, रोग यायच्या आधी आणि जमीन बघून द्यायचं. बाटलीचा नंबर त्यानंतर लागतो. का, ते हिशेबासकट सांगतो.

पानात जाऊन सिलिकॉन करतं काय

भाताचं पान बोटावरून उलटं ओढलं तर कातडी चिरते. ती धार सिलिकाची, म्हणजे सिलिकॉन आणि प्राणवायूच्या संयुगाची. भात सिलिकॉनचा मोठा खादाड. त्याच्या वाळलेल्या पानोळ्यात शेकडा 10 पर्यंत सिलिका सापडते. आलं भाताइतकं उचलत नाही, पण आल्याच्या कुळातल्या झाडांच्या पानांतही सिलिकाचे सूक्ष्म खडे तयार होतात, म्हणजे या झाडांना ते घेता येतं.

मूळ सिलिकॉन घेतं ते सिलिसिक आम्लाच्या रूपात, पाण्यात विरघळलेलं. पाण्याबरोबर ते पानात चढतं. पान पाणी उडवून टाकतं, सिलिका मागे राहते आणि पानाच्या वरच्या मेणचट थराखाली साचते. बुरशीच्या धाग्याला आत शिरायला हा थर अडवतो. एवढ्यावर भागत नाही. सिलिकॉन मिळालेल्या झाडावर बुरशी चालून आली की झाड आपली बचावाची रसायनं लवकर आणि जास्त बनवतं, हे भात आणि काकडीवरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पान ताठ राहतं, उजेड खालच्या पानांपर्यंत पोचतो, वाफ्यात हवा खेळते आणि पानावरचं पाणी लवकर सुकतं. बुरशीला हेच नको असतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यावर उभं आहे. एकदा पानात साचलेली सिलिका तिथून हलत नाही. नत्र जसं जुन्या पानातून निघून नव्या पानात जातं तसं सिलिकॉनचं होत नाही. जुलैत फुटलेल्या पानाला जुलैतच मुळातून सिलिकॉन मिळायला हवं. जूनमध्ये एकदा देऊन सप्टेंबरच्या पानाचं रक्षण होत नाही. आल्याला तर नवे फुटवे सतत येत असतात, म्हणून पुरवठाही सतत हवा.

सिलिकॉन झाडाचं अत्यावश्यक अन्नद्रव्य मानलं जात नाही, उपयुक्त द्रव्य मानलं जातं. त्याच्यावाचून आलं वाढतं. जपानने मात्र 1955 सालीच सिलिकेट खताला अधिकृत खताचा दर्जा दिला, मुख्यतः भाताच्या करप्यासाठी.

त्या करप्याची बुरशी पायरिक्युलरिया, आणि आल्याशी तिचा संबंध आहे. 2024 मध्ये कोडगू जिल्ह्यात आल्याची पानं पिवळी पडून त्यावर गडद ठिपके येण्याची साथ आली, आणि कोझिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने त्यामागे पायरिक्युलरिया असल्याचं शोधलं. जपानमध्ये आल्यावरची पायरिक्युलरिया 1917 पासून नोंदलेली आहे. भाताचा करपा करणारी जात आणि आल्यावरची जात वेगळ्या, तुमच्या भाताचा करपा उठून आल्यात जात नाही. पण घराणं एकच. आणि सिलिकॉनचा सगळ्यात जास्त, सगळ्यात जुना अनुभव याच घराण्याविरुद्धचा आहे. आपल्याकडे बियाणं बहुतेक वेळा शिमोगा, हासन, कोडगूकडून फिरून येतं, तेव्हा हा रोग इथे लांबचा समजू नये.

आधी जमीन बघा

"मातीत वाळू आहे, वाळू म्हणजे सिलिकाच, मग वेगळं कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे. पृथ्वीच्या कवचात प्राणवायूखालोखाल सिलिकॉनच आहे. पण वाळूतली सिलिका स्फटिकाच्या रूपात असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मुळाला तिचा उपयोग नाही.

आता आपला पश्चिम पट्टा घ्या. जांभा दगड आणि त्याची तांबडी माती कशी तयार होते? हजारो वर्षांच्या धो धो पावसाने मातीतली विरघळणारी सिलिका आणि चुना वाहून जातो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. म्हणजे जांभ्याची जमीन मुळात सिलिका हरवलेलीच जमीन. खानापूर तालुका, बेळगावचा पश्चिम भाग, हल्याळ आणि जोयडा इथे सिलिकॉनला प्रतिसाद मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बिदरचं पठारही जांभ्याचंच, त्यामुळे बिदर-हुमनाबादकडे तांबड्या माळावर आलं करणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं.

अथणी, रायबाग, चिकोडीचा काळा पट्टा वेगळा. तिथे मातीत उपलब्ध सिलिकॉन सहसा पुरेसं असतं, सामू (मातीचा आंबट-खारेपणा मोजणारा आकडा) आठच्या आसपास असतो. तिथे राख नि कॅल्शियम सिलिकेट ओतून फायदा थोडा आणि सामू वाढून जस्त-लोहाची कमतरता यायचा धोका जास्त. अशा जमिनीत पैसे आधी निचऱ्यावर घाला.

माती तपासणी करून घ्याच. सामू, सेंद्रिय कर्ब आणि नेहमीची अन्नद्रव्यं एवढं तरी हवं. उपलब्ध सिलिकॉनची तपासणी नेहमीच्या पत्रिकेत नसते. ती हवी तर तसं सांगून विचारावं लागतं. धारवाडचं कृषी विद्यापीठ, अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय, बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तिकोपचं कृषी विज्ञान केंद्र या चौकशीच्या जागा. होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली गटाच्या) रयत संपर्क केंद्रातून नमुना कसा घ्यायचा आणि कुठे पाठवायचा ते कळतं. आल्याला सामू 5.5 ते 6.5 मानवतो. साडेपाचच्या खाली असेल तर पुढचा कॅल्शियम सिलिकेटचा भाग खास तुमच्यासाठी.

कोणतं सिलिकॉन घ्यावं

*भाताच्या तुसाची राख.* आपल्या भागात माझी पहिली पसंती हीच. तुसाच्या राखेत शेकडा 85 ते 95 सिलिका असते. भातगिरण्यांचे बॉयलर, चुरमुऱ्याच्या भट्ट्या, वीटभट्ट्या, जिथे तूस जळतं तिथे ती मिळते. मात्र रंग बघून घ्या. मंद आचेवर जळलेलं तूस काळी किंवा राखाडी, मऊ राख देतं. तिच्यातली सिलिका मोकळ्या रूपात राहते आणि मातीत हळूहळू विरघळते. फार तापलेल्या भट्टीतली राख, साधारण 700 अंशांच्या वर गेलेली, पांढरी-गुलाबीसर, कडक दाण्यांची होते. तिच्यातली सिलिका स्फटिक बनलेली, म्हणजे पुन्हा वाळूच. दोन ढीग समोर असतील तर काळसर ढीग उचला. त्यात थोडं अर्धवट जळलेलं तूस असेल तर बिघडत नाही, उलट माती भुसभुशीत होते.

घरीही करता येते. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडा, आत काटक्यांचा विस्तव पेटवा, वर धुरासाठी नळकांडं ठेवा आणि भोवती तुसाचा ढीग रचा. तूस आतून काळं पडत बाहेर येतं. वरचा थर काळा झाला की फावड्याने पसरून पाणी मारा, नाहीतर रात्रीतून सगळं जळून पांढरं होईल. नाका-तोंडाला फडकं बांधून काम करा. सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट.

प्रमाण साधारण हेक्टरी 2 टन, म्हणजे एकरी 8 क्विंटल, गुंठ्याला 20 किलो. तुसापासून राख पाचवा हिस्साच उरते, तेव्हा एकराची राख घरच्या तुसात भागणार नाही. गिरणीशी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा.

*पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा.* भाताचं पीक हेक्टरी 5 टन दाणे देताना 230 ते 470 किलो सिलिकॉन जमिनीतून उचलतं, आणि त्यातलं बहुतेक पिंजरात आणि तुसात जाऊन बसतं. पिंजर जनावरांनी खाल्लं तरी सिलिका पचत नाही, शेणातून परत येते. चांगल्या कुजलेल्या शेणखताची ही बाजू कुणी मोजत नाही. आल्यावर पिंजराचं आच्छादन घातलं तर सिलिकॉनही मिळतं आणि पावसाच्या थेंबाने माती-बुरशी पानावर उडणंही थांबतं. पानाच्या ठिपक्याचा प्रसार मुख्यतः पावसाच्या शिंतोड्यांतून होतो, म्हणून हे दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं.

*कॅल्शियम सिलिकेट.* पोलाद कारखान्याच्या मळीपासून किंवा वोलास्टोनाइट या खनिजापासून येतं. भातावर हेक्टरी 2 ते 4 टन वापरतात. आंबट तांबड्या जमिनीत हे चुन्याचंही काम करतं, ॲल्युमिनियमचा त्रास कमी करतं आणि सिलिकेट लोहाला जाऊन चिकटल्याने स्फुरद थोडं मोकळं राहतं. पण चुना आणि कॅल्शियम सिलिकेट दोन्ही पुरते टाकू नका, सामू एकदम उडेल. मळीपासूनचा माल घेताना जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. नसेल तर घेऊ नका. आलं आपण खातो.

*डायटोमाइट.* सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची माती, सामूला फारशी न हलवणारी. भातावर कर्नाटकातल्या प्रयोगांत हेक्टरी 150 ते 300 किलोच्या आसपास वापरली गेली. राख मिळत नाही आणि सामू आधीच सातच्या पुढे आहे, अशा ठिकाणी ही बरी.

*बॉयलरची उसाची राख.* चिकोडी-गोकाक-हुक्केरी पट्ट्यात ढीगभर मिळते. सिलिका असते, पण बॉयलरची आच मोठी आणि उसाबरोबर आलेली रेतीही त्यात मिसळलेली, म्हणून तुसाच्या राखेइतका गुण येत नाही. फुकट आणि जवळ असेल तर शेणखताच्या खड्ड्यात मिसळा, थेट वाफ्यावर भरवसा ठेवू नका.

*द्रवरूप पोटॅशियम सिलिकेट आणि ऑर्थोसिलिसिक आम्ल.* आता हिशेब करू. लेबलवर बहुधा सिलिकाचा टक्का लिहिलेला असतो, सिलिकॉनचा नाही. सिलिकाला 0.467 ने गुणलं की सिलिकॉन मिळतं. 25 टक्के सिलिका असलेल्या 1 किलो द्रवात सिलिका 250 ग्रॅम, सिलिकॉन जेमतेम 117 ग्रॅम. तुसाच्या 8 क्विंटल राखेत, 85 टक्के धरले तरी, सिलिका 680 किलो आणि सिलिकॉन 317 किलोच्या घरात. राखेतलं हंगामात थोडंच विरघळेल हे मान्य, तरी बाटली त्याच्या जवळपास पोचत नाही. दोन टन कोरड्या पिंजरात 10 टक्के सिलिका धरा, तिथेही 90 किलोच्या वर सिलिकॉन आहे. बाटली फक्त दुवा साधायला, मुळाला विरघळलेलं सिलिकॉन लगेच द्यायला. ती मुख्य खत होऊ शकत नाही.

आणखी एक गफलत सर्रास होते. औषधाबरोबर टाकायचं "सिलिकॉन स्टिकर" म्हणून जे मिळतं ते औषध पानावर पसरवणारं द्रव्य आहे, सिलिकॉनचं खत नव्हे. त्यातून झाडाला सिलिकॉन मिळत नाही. दुकानात मागताना पोटॅशियम सिलिकेट किंवा ऑर्थोसिलिसिक आम्ल असं नाव घेऊन मागा.

वाफा करताना

लागणीच्या तीन-चार आठवडे आधी नांगरट झाल्यावर कॅल्शियम सिलिकेट टाकायचं असेल तर तेव्हा टाका आणि मातीत मिसळा. तुसाची राख गादीवाफा बांधताना, शेणखताबरोबर. शेणखत एकरी 10 ते 12 टन आणि निंबोळी पेंड 8 क्विंटल ही मसाला संशोधन संस्थेची शिफारस आहे. हेक्टरी 25 ते 30 टन आणि 2 टन यांचा तो एकरी हिशेब. राख वरून भुरभुरू नका, वरच्या चार-पाच इंचात मिसळा. बहुतेक मुळं तिथेच असतात.

राख आणि युरिया किंवा अमोनियम सल्फेट एकत्र कधीच नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. सुपर फॉस्फेटही राखेत मिसळू नका. मधे निदान दोन आठवडे जाऊ द्या.

वाफ्याची उंची काही शिफारशींत 15 सेंटिमीटर असते. खानापूर-लोंढ्याच्या पावसाला ती अपुरी आहे, तिथे फूटभर उंची आणि चरांना सरळ बाहेर काढणारा उतार हवाच. पाणी साचलेल्या वाफ्यात पिथियम या बुरशीची कंदकूज येते आणि तिला सिलिकॉन अडवत नाही.

लागण आणि आच्छादन

बेणं रोगमुक्त प्लॉटचं घ्या, आणि त्या प्लॉटचं पान ऑगस्टमध्ये स्वतः पाहिलेलं असेल तर उत्तम. हुमनाबाद, माहीम, हिमाचल किंवा संस्थेचं वरदा, ज्याची खात्री आहे ते. बेणं मँकोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात, लिटरला 3 ग्रॅम, अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. सिलिकेटच्या द्रावणात बेणं बुडवायचा सल्लाही फिरतो; मी तो देणार नाही. ते द्रावण अतिशय अल्कधर्मी असतं, डोळे जळायची भीती असते.

लागणीबरोबर वाफ्यावर हिरवा पाला किंवा पिंजर पसरा. संस्थेची शिफारस हेक्टरी 10 ते 12 टन हिरव्या पाल्याची, नंतर 45 आणि 90 दिवसांनी प्रत्येकी साडेसात टन. आपण पहिल्या वेळी पाला आणि नंतरच्या दोन्ही वेळी पिंजर घातलं तर चांगलं जुळतं, कारण पिंजर कुजायला लागतं तेव्हाच पानं वेगाने वाढत असतात. पिंजर कोरडं, बुरशी न लागलेलं असावं. दोन-तीन इंचापेक्षा जाड थर नको, खाली दमटपणा कोंडतो.

नत्राला हात आखडता ठेवा. संस्थेची शिफारस हेक्टरी 75:50:50 नत्र, स्फुरद, पालाश, म्हणजे एकरी 30:20:20 किलो, आणि नत्र 45 व 90 दिवसांनी विभागून. शेजाऱ्याचा प्लॉट काळाभोर दिसतो म्हणून युरियाचं पोतं वाढवलं की पान लुसलुशीत होतं, आणि राखेने कमावलेलं सगळं युरिया घालवतो.

पावसाळ्यात मुळाशी द्रव देणं

साधारण 45 दिवसांनी, दोन-तीन फुटवे आल्यावर सुरू करा. पुढे दर तीन आठवड्यांनी, सप्टेंबर अखेरपर्यंत. पाऊस कोसळत असताना देण्यात अर्थ नाही, उघडीप बघून द्या.

पाण्यात सिलिसिक आम्ल टिकण्याला मर्यादा आहे. लिटरला साधारण 55 मिलिग्रॅम सिलिकॉनच्या पुढे ते एकमेकांना चिकटून जेली बनू लागतं. म्हणून लिटरला 50 मिलिग्रॅमचं ध्येय ठेवू. 200 लिटरच्या बॅरलला सिलिकॉन लागेल 10 ग्रॅम, म्हणजे सिलिका सुमारे 21 ग्रॅम, म्हणजे 25 टक्के सिलिकाचं द्रव 85 ग्रॅम. तुमच्या बाटलीचा टक्का वेगळा असेल तर त्याप्रमाणे बदला, आणि लेबलवरची मात्रा त्यापेक्षा कमी असेल तर लेबल पाळा. घट्ट केल्याने जास्त मिळत नाही, फिल्टर तेवढा चोंदतो.

बॅरलमध्ये आधी पाणी, मग ढवळत ढवळत सिलिकेट. दुसरं काहीही मिसळायचं नाही. कॅल्शियम नायट्रेट, तांब्याची औषधं, फॉस्फरिक आम्ल, जिवाणू खतं, यांपैकी काही पडलं की दही फुटल्यासारखं होतं. ड्रिपने देणार असाल तर आधी वीस मिनिटं साधं पाणी, मग सिलिकेट, मग पुन्हा साधं पाणी, आणि त्या दिवशी दुसरं खत बंद. बोअरचं पाणी जड असेल तर आधी काचेच्या ग्लासात मिसळून अर्धा तास ठेवा. गढूळ झालं तर त्या पाण्यात देऊ नका, ओढ्याचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

पानावर फवारणी करायची असेल तर ती जोडीला, मुळाच्या जागी नाही. पानावर फवारलेलं सिलिकेट बहुतांशी पृष्ठभागावरच राहतं, बुरशीला वरूनच थोडं अडवतं आणि पावसात जातं. ऑर्थोसिलिसिक आम्ल लेबलच्या मात्रेने, सकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंनी. पोटॅशियम सिलिकेट फवारताना आधी पाच-सहा ठोंबांवर फवारून दोन दिवस बघा. पानाची कड भाजली तर मात्रा निम्मी करा.

ठिपका दिसलाच तर

पावसाळ्यातला नेहमीचा पानठिपका फायलोस्टिक्टा या बुरशीचा. तो लांबट, मधे पांढरा-कागदी, कडा गडद तपकिरी, भोवती पिवळं वलय. पांढऱ्या भागात भिंगातून काळे टिंब दिसतात. जुलै ते ऑक्टोबर हा त्याचा काळ. कोवळं पान लवकर बळी पडतं, उघड्यावरचं आलं सावलीतल्यापेक्षा जास्त सापडतं; नारळी-सुपारीत आलं करणाऱ्यांना याचा अनुभव असेल. पायरिक्युलरियात पान आधी पिवळं पडतं आणि ठिपके गडद, काळपट असतात. खात्री नसेल तर ताजं पान कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

सिलिकॉन इथे औषध म्हणून चालत नाही. ठिपके पडलेलं पान ते बरं करत नाही. फायलोस्टिक्टासाठी 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं) किंवा मँकोझेब लिटरला 2 ग्रॅम. पायरिक्युलरियासाठी संस्थेने प्रोपिकोनाझोल किंवा कार्बेन्डाझिम-मँकोझेब जोडऔषध सुचवलं आहे. मात्रा आणि काढणीपूर्वीचं अंतर फलोत्पादन खात्याकडून किंवा केंद्रातून विचारून घ्या. सिलिकेट आणि बोर्डो यांत निदान आठवड्याचं अंतर ठेवा. चांगलं सिलिकॉन मिळालेल्या प्लॉटमध्ये ठिपका सावकाश पसरतो, त्यामुळे फवारणीला पावसाची उघडीप शोधायला वेळ मिळतो. कंदकूज, जिवाणूजन्य मर, कंदमाशी यांवर मात्र सिलिकॉनच्या भरवशावर बसू नका. मर आलेला ठोंब मातीसकट काढून बाहेर न्यावा लागतो, आणि त्या रानात तीन-चार वर्षं आलं नको.

ओळी सोडून बघा, वजन करून ठरवा

पहिल्याच वर्षी सगळ्या एकरावर खर्च करू नका. 10 गुंठे घ्या. राख त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यालाच घालायची, म्हणजे सुमारे 70 किलो लागेल. वाफे पाळीपाळीने ठेवा: एकाला राख, पिंजर आणि द्रव, पुढच्याला नुसतं पिंजर, त्याच्या पुढच्याला नेहमीचा पाला. असे तीन-तीन वाफ्यांचे निदान तीन संच करा आणि ते शेताच्या वेगवेगळ्या भागांत टाका, कारण वरच्या आणि खालच्या कोपऱ्यातली माती सारखी नसते. बाकी खत, पाणी, औषध सगळ्यांना एकसारखं. घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर "तो वाफा राहिला" म्हणून कुणीतरी भलत्याच वाफ्यावर द्रव ओततं. खुंट्यांना रंगीत कापड बांधलं की घोळ होत नाही.

मोजायचं असं. प्रत्येक वाफ्यात कडेचे सोडून दहा ठोंब निवडा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरच्या अखेरीस प्रत्येक ठोंबाचे फुटवे मोजा. मोठ्या फुटव्याची वरची पाच उघडी पानं बघा, त्यांतली किती पानं ठिपक्यांची ते लिहा. वहीत तारीख आणि आदल्या आठवड्यातला पाऊसही टिपा. नोव्हेंबरमध्ये खालची पानं किती हिरवी आहेत ते पाहा. कंदाचं वजन तिथे ठरतं.

काढणीला प्रत्येक वाफ्याचं आलं वेगळं काढा, माती झटकून वेगळं तोला आणि मोठे-बारीक गड्डे वेगळे करा. व्यापारी 60 किलोच्या बॅगेला भाव देतो आणि बारीक मालाला कापतो, म्हणून नुसतं एकूण वजन पुरेसं नाही. राख, वाहतूक, पिंजर, द्रव आणि मजुरी यांचा खर्च एका बाजूला मांडा, वाढलेल्या वजनाचे पैसे दुसऱ्या बाजूला. भाव त्या वर्षीचा चढा असेल तर हिशेब मागच्या पडत्या वर्षाच्या भावानेही करून बघा. पडत्या भावातही राखेचा वाफा पुढे असेल तर पुढच्या वर्षी एकरभर करा आणि गिरणीला राखेची मागणी संक्रांतीच्या आतच सांगून ठेवा. नुसत्या पिंजराचा वाफा राखेच्या बरोबरीला आला, तर राखेचे पैसे वाचवा आणि पिंजर वाढवा. द्रवाने वेगळा फरक पडतो का हे पाहायचं असेल, तर पुढच्या वर्षी राख नि पिंजर दोन्हीकडे सारखं ठेवून द्रव एकाच बाजूला द्या, म्हणजे कोणाचं श्रेय कोणाला हे स्पष्ट कळेल.